डोंगरीवर गेली असेल

लहानपणी मी घरातून दिसेनाशी झाले की आई कावरीबावरी व्हायची आणि बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "डोंगरीवर गेली असेल. येईल."

डोंगरी म्हणजे अंधेरीची गावदेवी डोंगरी. नकाशावर तिचं नाव गिल्बर्ट हिल. आमची दहा बाय बाराची खोली तिच्या पायथ्याशी होती. आजी, आई-बाबा, काका आणि आम्ही तिघी बहिणी. जेवणं, झोपणं, अभ्यास, आजारपण, भांडणं, सगळं त्याच चार भिंतींत. रडू आलं तर तेही सगळ्यांसमोर. मला एकटीला बसायला जागा हवी असायची आणि ती मागायची कशी हे त्या वयात ठाऊक नव्हतं. मग मी कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून वर जायची. वर गावदेवीचं देऊळ, दुर्गेचं देऊळ, थोडी झाडं, मागच्या बाजूला वाऱ्याची जागा. तिथे पुस्तक उघडून बसायची आणि बहुतेकदा वाचायची नाही. वर्सोव्याकडे समुद्राची राखाडी रेघ दिसायची. तासाभराने खाली उतरायची. कुठे होतीस, काय करत होतीस, असं बाबांनी एकदाही विचारलं नाही.

यंदा श्रावणात मला चाळीस पूर्ण झाली. दोन महिने आधी नवऱ्याने विचारलं, "चाळिसाव्याला काय हवं?" मी भांडी विसळत होते. हात न थांबवता म्हणाले, "ज्वालामुखी चढायचाय."

"कुठला?" त्याने विचारलं. एवढंच.

ही इच्छा जुनी. नववीत भूगोलाच्या बाईंनी सांगितलं की आपली डोंगरी म्हणजे गोठलेला लाव्हा आहे, आणि तो तास संपेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर बसले. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे, आणि आमची साठ मीटर उंचीची डोंगरी हा त्याच उलथापालथीचा एक तुकडा. लाव्हा सावकाश निवत गेला की आक्रसतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा भेगा त्याला पडतात, त्या खोल खोल जातात आणि दगडाचे उभे खांब तयार होतात. डोंगरीची काळी बाजू पाहा, ते खांब एकाला एक खेटून उभे आहेत. भोवतालचा किती दगड खाणींनी काढून नेला याचा हिशेब आता कुणी सांगू शकणार नाही. २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसा यादीत घेतलं. पुनर्विकासात आमची खोली गेली, आईला सातव्या मजल्यावर घर मिळालं, आणि आता तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोंगरीचे खांब अगदी समोर येतात. ती पोळ्या लाटते तेव्हा तिच्यासमोर साडेसहा कोटी वर्षांचा दगड असतो. मला हे दृश्य फार आवडतं.

निवलेला लाव्हा बघत मी वाढले. धुगधुगी असलेला डोंगर एकदा बघायचा होता.

आम्ही लोम्बोक निवडलं. बालीच्या पूर्वेचं बेट, त्यावर रिंजानी नावाचा ३,७२६ मीटर उंचीचा ज्वालामुखी. इंडोनेशियातला उंचीने दुसरा. पावसाळ्यात तो डोंगर बंद असतो. पण त्यांचा पावसाळा साधारण आपल्या हिवाळ्यात आणि आपल्या श्रावणात त्यांच्याकडे कोरडं आभाळ. माझा एकही वाढदिवस मी पावसावाचून पाहिलेला नव्हता. शाळेत वाटायची चॉकलेटं दरवर्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावी लागायची.

पैसे मोजकेच होते, म्हणून पाठीवर पिशव्या टाकून जायचं ठरलं. एक सॅक आमची, एक माझ्या चुलत भावाकडून आणलेली. सरावासाठी इमारतीचे जिने, रविवारी नॅशनल पार्क, जूनमध्ये एकदा कळसूबाई. लेकीची काळजी सासूबाईंनी घेतली. निघताना त्यांनी माझ्या हातात एक छोटी स्टीलची डबी दिली. उघडून पाहिली तर कुंकू, अक्षता, सुपारी, बोटभर निरांजन आणि तुपात भिजवलेल्या दोन फुलवाती. "वाढदिवसाला औक्षण चुकू देऊ नकोस," म्हणाल्या. मी डबी सॅकच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवली.

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. बोरिवलीच्या वन बीएचकेत आम्ही पाच जण राहतो. प्रेमाची माणसं आहेत, त्यात शंका नाही. पण नवरा-बायकोचं खरं बोलणं आमच्या घरात होत नाही. ते स्टेशनच्या पुलावर होतं, सकाळची गाडी यायच्या आधीच्या सात-आठ मिनिटांत. लेकीच्या शाळेची फी, त्याच्या नोकरीतली धास्ती, माझ्या बाबांचा आजार, सगळे निर्णय आम्ही त्या पुलावर घेतले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मला सांभाळायला घरभर माणसं होती. तेरा दिवस कुणी ना कुणी माझा हात धरून बसलेलं असायचं. चौदाव्या दिवशी मी कामावर गेले.

हे मी कुणाची तक्रार म्हणून लिहीत नाहीये. मुंबईत बहुतेकांचं असंच असतं. सोबत मुबलक असते. फक्त ती कधी कधी बाजूला ठेवायला जागा नसते.

बालीहून लोम्बोकला जाणारी मोठी फेरीबोट पादांगबाई बंदरातून सुटते आणि चारपाच तासांनी लेंबारला लागते. वेगवान बोटीही आहेत, महाग आहेत. आम्ही ट्रकवाल्यांच्या शेजारी, वरच्या डेकवर सॅकला टेकून बसलो. पुढे समुद्र, मागे बालीचा आगुंग पर्वत. मधल्या सामुद्रधुनीची रुंदी जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. सीएसएमटीहून ठाण्याला जावं साधारण तेवढीच. पण या पाण्याची गोष्ट मोठी आहे. १८५६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्ग-अभ्यासक बालीहून लोम्बोकला उतरला आणि चकित झाला. बालीत सर्रास दिसणारे कितीतरी पक्षी इथे नव्हते, आणि इथे काकाकुवे होते, ज्यांचं गणगोत ऑस्ट्रेलियाकडचं. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला, तेव्हा बाली, जावा, सुमात्रा आशियाच्या जमिनीला जोडली गेली. ही सामुद्रधुनी मात्र अडीचशे मीटरपेक्षा खोल, ती कधी कोरडी पडलीच नाही. म्हणून दोन्ही किनाऱ्यांवर जीव आपापल्या तऱ्हेने वाढले. या दोन जीवसृष्टींमधल्या सीमेला आज वॉलेसची रेषा म्हणतात.

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आपण मात्र सगळं बुजवलं."

तो मुंबईबद्दल बोलत होता. सात बेटं होती, त्यांच्यामधून भरतीचं पाणी वाहायचं. वरळीची खिंड अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून अडवली, माहीम-वांद्र्याचा कॉजवे १८४५ मध्ये झाला, टेकड्या फोडून त्यांचा दगड-मुरूम खाड्यांत ओतला. बेटं एक झाली म्हणून आपण मुंबईकर झालो, हेही खरंच. पण त्या डेकवर, दोन बेटांच्या मधल्या उघड्या पाण्यावर बसून मला वाटलं की मधलं पाणी असू देणं ही काही वाईट गोष्ट नाही. आम्ही दोघं त्या चार तासांत फारसं बोललो नाही. तो डुलक्या काढत होता, मी लाटा बघत होते, आणि आमच्यात काहीही बिनसलेलं नव्हतं. अशी शांतता आम्हाला घरी कधी मिळाली होती, आठवेना.

चढाई सेंबालुन नावाच्या गावातून सुरू होते. उंच डोंगरांच्या कुशीतलं खोरं, हवा महाबळेश्वरसारखी, शेतांत लसूण आणि स्ट्रॉबेरी. एका घरात मुक्काम केला. लोम्बोकचे मूळ लोक सासाक, बहुतेक सगळे मुसलमान. पहाटेच्या अजानने जाग आली आणि क्षणभर मला अंधेरीतच असल्यासारखं वाटलं. घरच्या बाई आमच्या आईच्या वयाच्या. सगळे त्यांना 'इबू' म्हणत होते, म्हणजे आई. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "इस्त्री?" मग त्याच्याकडे, "सुआमी?" स्त्री आणि स्वामी, बायको आणि नवरा. भाषेला ते लोक 'बहासा' म्हणतात, नावाला 'नामा'. इतक्या दूर आपलेच शब्द, फक्त पोशाख बदललेले.

इबूंच्या स्वयंपाकघरात मी रेंगाळले. त्या दगडी पसरट वाडग्यात मिरच्या, लसूण, टोमॅटो आणि कोळंबीचा वाटलेला गोळा घेऊन दगडी बत्त्याने रगडत होत्या. त्या वाडग्याला 'चोबेक' म्हणतात. मी हात लावून पाहिला. काळसर, खरबरीत, ज्वालामुखीचा दगड. आमच्या आईचा पाटा असाच. गल्लीत "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी आली की आई माझ्याकडून पाटा उचलून बाहेर नेववायची, आणि टाकी लावणारी बाई छिन्नीने त्याला बारीक बारीक खोचा पाडायची. घरं बदलताना आईने कपाट सोडलं, पलंग सोडला, पाटा सोडला नाही. इबूंना हे सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती. मी नुसता बत्ता मागितला. त्यांनी दिला. मी उकिडवी बसून पाट्यावर वाटते त्या लयीत रगडायला लागले, तशा त्या खळखळून हसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरून गोल फिरवायची त्यांची रीत दाखवली. तो ठेचा त्यांनी उकडलेल्या कांगकुंगच्या भाजीवर घातला. कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी. जावाच्या भाषेत लोम्बोक म्हणजे मिरची, हे त्या जेवणानंतर कुणी वेगळं सांगायला नको.

घराची मागची भिंत विटांची नव्हती, पत्र्याची आणि लाकडाची होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, बेटावर पाचशेहून अधिक माणसं गेली. इबूंनी जुन्या भिंतीची जागा हाताने दाखवली, मग दोन्ही तळवे जमिनीकडे करून हलवले. बस्स. पुढे काही न बोलता त्यांनी आमच्या ताटात भात वाढला.

पहिल्या दिवसाची वाट कमरेएवढ्या गवताच्या माळावरून जाते. समोर रिंजानीचा शंकू. मी सह्याद्रीत वाढलेले डोळे घेऊन आले होते, मला असा डोंगर सवयीचा नव्हता. आपले डोंगर थरांचे, कड्यांवर आडवे पट्टे, माथे सपाट. कारण आपला लाव्हा पातळ होता. घावनाचं पीठ तव्यावर ओतल्यावर पसरतं तसा तो पसरत गेला. इथला लाव्हा घट्ट. महासागराखालचा भूपट्ट लोम्बोकच्या दक्षिणेला पृथ्वीच्या पोटात सरकतो, तिथे दगड वितळतो आणि वर येतो, पण दूर वाहत नाही. तोंडाशीच साचतो, राखेचा थर, लाव्ह्याचा थर, पुन्हा राख. तशी ही शंकूची रास उभी राहते.

सामान वाहणारे पुढे गेले. बांबूच्या दोन टोकांना टोपल्या, कावडीसारखी खांद्यावर, पायात रबरी चपला. त्यांच्या पिंढऱ्यांकडे बघून मला आमच्याकडचे हातगाडीवाले आठवले. इतकं ओझं उचलणाऱ्या माणसाचा श्वास आपल्यापेक्षा संथ असतो. आमचा वाटाड्या विशी-पंचविशीतला मुलगा होता. दर वळणावर म्हणायचा, "पलान, पलान." हळूहळू. घसरणीवर म्हणायचा, "हाती-हाती." म्हणजे सांभाळून. आम्हाला ते 'हातात हात' असंच ऐकू यायचं आणि आम्ही खरोखरच हात धरायचो.

शेवटच्या टप्प्यात टेकड्यांमागून टेकड्या येतात. त्यांचं नावच पश्चात्तापाची टेकडी. संध्याकाळी आम्ही २,६३९ मीटरवर, विवराच्या काठावर पोचलो. मी सॅक टाकली आणि कडेला जाऊन खाली पाहिलं.

खाली एक तळं होतं. अर्धचंद्रासारखं, निळं-हिरवं, स्थिर. त्याचं नाव सगारा आनाक. सगारा म्हणजे सागर, आनाक म्हणजे मूल. समुद्राचं लेकरू. तळ्याच्या कुशीत एक छोटा काळा शंकू, त्याला लोक गुनुंग बारू म्हणतात, नवा डोंगर. हा अलीकडचा, जिवंत. २०१५ आणि २०१६ मध्येही तो उसळला होता. आणि भोवती हा मोठा कडा, ज्याच्या काठावर आम्ही उभे होतो, तो म्हणजे नाहीशा झालेल्या एका डोंगराचं रिंगण. त्या डोंगराचं नाव सामालास. तो रिंजानीपेक्षाही उंच असावा. १२५७ साली फुटला आणि आत कोसळला. त्याच्या गंधकाची खूण ग्रीनलंडच्या बर्फात सापडते आणि अंटार्क्टिकाच्याही. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांना बर्फातली ही खूण दिसत होती, पण डोंगर सापडत नव्हता. २०१३ मध्ये त्याचा माग लागला. ताडपत्रांवर लिहिलेल्या लोम्बोकच्या जुन्या बखरींत मात्र तो आधीपासून होता, आणि त्याखाली गाडल्या गेलेल्या पामातान नावाच्या नगराची हकिगतही.

१२५७. मी मनात वर्षं मांडली. देवगिरीला यादवांचं राज्य. ज्ञानेश्वरांचा जन्म अठरा वर्षं पुढे, ज्ञानेश्वरी तेहेतीस वर्षं पुढे. मराठी नुकती आपल्या पायांवर उभी राहत असताना इथे एक डोंगर गेला, आणि त्याच्या जागी हे तळं भरलं. बालीचे हिंदू आजही या तळ्यात सोन्याचं दान सोडायला येतात. सासाकांच्या लेखी शिखरावर देवी अंजनी राहते, तिला ते देवी आंजानी म्हणतात. म्हणजे इथल्याही डोंगरीवर देवीच.

अंधार पडायच्या आत औक्षण करायचं ठरलं. डबी बाहेर काढली. पण काठावर वारा असा की काडी पेटून वातीपर्यंत पोचेना. चार काड्या गेल्या. स्वयंपाकाच्या तंबूजवळून सामानवाले बघत होते. एक जण उठून आला, आमच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने निरांजनाभोवती तळवे धरले. मग दुसरा आला. मग वाटाड्या. मिरच्या-कांद्याचे वास असलेले, बांबूने सोललेले सहा हात. वात पेटली. नवऱ्याने मला कुंकू लावलं, अंगठी आणि सुपारी ओवाळली, ज्योत ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या. त्याचे हात थरथरत होते, थंडीने असेल. वाटाड्याने विचारलं की फुंकर कधी मारायची. नवरा म्हणाला, मारायची नाही. तशी ती ज्योत त्या हातांच्या आत आपली आपण विझेपर्यंत आम्ही सगळे बसून राहिलो.

शिखराची चढण रात्री दोनला सुरू झाली. लोम्बोकचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. अडीच वाजले तेव्हा मी थांबले. मुंबईत बारा. आई दरवर्षी बाराच्या ठोक्याला फोन करते, झोप आवरून, आणि एकच वाक्य म्हणते. फोन काढून पाहिला, रेंज नव्हती. वर इतके तारे होते की ओळखीचं एकही नक्षत्र मला वेगळं काढता येईना.

साडेतीनच्या पुढे घसारा सुरू झाला. काळी, भुसभुशीत, फुटाण्याएवढी खडी. दोन पावलं चढलं की एक पाऊल मागे. नवऱ्याचा डावा गुडघा कळसूबाईपासून कुरकुरत होता, त्याने सांगितलं नव्हतं. तो एका दगडाशी टेकला आणि मला त्याच्या बसण्यावरूनच कळलं. मी म्हणाले, आपण दोघंही उतरू. मी मनापासून म्हणाले. चाळिसावा वाढदिवस त्याच्यावाचून कुठे घालवायचा माझा विचारच नव्हता.

तो थोडा वेळ दम घेत राहिला. मग म्हणाला, "डोंगरीवर जायला तुला कधीपासून सोबत लागायला लागली?"

बाबांचं ते वाक्य मी त्याला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. बहुतेक स्टेशनच्या पुलावर. वाटाड्याचा जोडीदार त्याला घेऊन छावणीकडे उतरला. दोन दिव्यांचे ठिपके खाली खाली जाताना मी पाहिले आणि वर वळले.

पुढचे तीन तास मी काय विचार केला ते सांगता येणार नाही, कारण केलाच नाही. पाऊल, घसरण, पाऊल. सूर्य वाटेतच उगवला. पूर्वेला सुंबावाचे डोंगर, त्यामागे कुठेतरी तांबोरा, १८१५ साली फुटलेला. माझ्यामागून निघालेले कितीतरी जण मला ओलांडून वर गेले, छायाचित्रं काढून हसत खाली आले. मी शिखरावर पोचले तेव्हा सात वाजत आले होते आणि वर कुणीही नव्हतं. वाटाड्या थोडा खाली दगडाआड बसला आणि त्याने सिगारेट पेटवली. इथल्या सिगारेटींत लवंग असते. तो वास आला, आणि नंतर वाऱ्याने तोही नेला.

पश्चिमेला ढगांवर रिंजानीची सावली पडली होती, नीट कापलेला त्रिकोण. पलीकडे बालीचा आगुंग. मी खाली बसले, हात टेकला. हाताखालचा दगड हलका होता, भोकाभोकांचा, जाळी पडलेल्या अनारशासारखा. आमच्या डोंगरीचा दगड घट्ट, जड, त्यात बोटाला कुठे शिरायला जागा नाही. हा तर कालचाच.

मग मी बाबांसाठी रडले. दोन वर्षांत रडले नव्हते असं नाही, पण तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी पाणी आणून द्यायचं, पाठीवर हात फिरवायचं, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून मला थांबावं लागायचं. इथे थांबवणारं कुणी नव्हतं. आवाज काढून रडले. किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नाही. सावलीचा त्रिकोण बराच आखूड झाला होता एवढं आठवतं. वाटाड्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी उठले, तोंड पुसलं, तसा तोही उठला.

उतरताना घसाऱ्यावर टाचा रोवून सरळ धावत यायचं असतं. दहाच्या सुमारास मला छावणीतला आमचा पिवळा तंबू दिसला, आणि त्याच्यासमोर दगडावर पाय लांब करून बसलेला तो. गुडघ्याला माझी ओढणी बांधलेली. मला बघून त्याने हात केला. काय पाहिलं, कसं होतं, काही विचारलं नाही. सरकून दगडावर जागा केली.

"आईंचा फोन आला होता," थोड्या वेळाने म्हणाला. "साडेआठला, म्हणजे तिकडे सहा. इथे काठावर मधूनच रेंज येते. रात्रभर लावत होत्या. घाबरल्या होत्या. विचारलं, ती कुठाय?"

"मग?"

"म्हटलं, आई, ती डोंगरीवर गेलीये. येईल."

"काय म्हणाली?"

"काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, बरं. तुम्ही चहा टाकून ठेवा तिच्यासाठी."

त्याने मागे वळून पातेल्यावरचं झाकण काढलं. दोनदा गरम करून चहा पार कढला होता, वर साय धरली होती. त्याने ती बोटाने बाजूला केली आणि कप भरून माझ्या हातात दिला.